आकाशाचे तुकडे आणि त्यांचे सांधे

आकाशाला सांधा नाही. पूर्वेपासून पश्चिमेपर्यंत नजर फिरवली तरी त्यात कुठे जोड दिसत नाही. पण आकाशाचे चित्र काढायचे ठरवले की लगेच त्याचे तुकडे करावे लागतात. कागद, फोटोची काच आणि संगणकाचा पडदा हे सारे सपाट असतात; आकाश मात्र घुमटासारखे आपल्याला चहूबाजूंनी वेढून असते. तुकडे केले की सांधे आले, आणि सांधे आले की एक जुना प्रश्न उभा राहतो. शेजारशेजारच्या दोन तुकड्यांचा उजेड जुळत का नाही?

आज हा प्रश्न संगणकावर त्रिमिती चित्रे तयार करणाऱ्या मुलामुलींना पडतो. शंभर वर्षांपूर्वी तो जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांना पडला होता. त्यांच्यापैकी एक वेधशाळा हैदराबाद संस्थानात होती, आणि त्या काळी जालना हे त्याच संस्थानातल्या औरंगाबाद जिल्ह्यातले गाव होते. (जालना जिल्हा स्वतंत्र झाला तो १ मे १९८१ रोजी.) मराठवाड्यातल्या शिक्षकांनी वर्गात सांगावा असा हा इतिहास आहे. आधी आजचा प्रश्न समजून घेऊ, मग मागे जाऊ.

सहा बाजूंची पेटी

संगणकावरच्या खेळात किंवा आभासी सहलीत आपण मान वळवू तिकडे आकाश दिसते. हे आकाश बहुधा एका घनाच्या आतल्या सहा बाजूंवर चिकटवलेले असते: चार बाजू, एक छत आणि एक तळ. पाहणारा घनाच्या बरोबर मध्यभागी असतो. तिथून प्रत्येक बाजू उभी-आडवी ९० अंशांची दिसते, त्यामुळे सहा चित्रांत सारे दृश्य पुरे बसते. घनावर परिसर चितारण्याची ही रीत नेड ग्रीन यांनी १९८६ मध्ये सविस्तर मांडली.

कोपऱ्यांच्या रेषा आकृतीने जुळल्या तरी काम संपत नाही. पुष्कळदा उत्तरेचे चित्र थोडे उजळ आणि पूर्वेचे थोडे मंद निघते, आणि मध्ये एक उभी रेघ स्पष्ट दिसते. डोळा फसत नाही. हळूहळू बदलणारा उजेड आपल्या लक्षात येत नाही. पण एका रेषेवर एकदम बदललेला उजेड, फरक एक-दोन टक्क्यांचा असला तरी, चटकन टोचतो.

हा फरक का पडतो? कारणे साधी आहेत. सहाही चित्रे संगणकातला कॅमेरा एकामागून एक काढतो. उजेडाचे माप आपोआप ठरवण्याची सोय चालू राहिली असेल, तर सूर्याकडचे चित्र तो मंद करतो आणि सावलीकडचे उजळवतो. दिवा कॅमेऱ्यालाच बांधलेला असेल, तर कॅमेरा वळला की दिवाही वळतो. चित्राच्या कडा किंचित काळवंडण्याचा किंवा सूर्याभोवती झळाळी पसरवण्याचा परिणाम प्रत्येक चित्रावर वेगवेगळा दिलेला असेल, तर तो कडेशी तुटतो. उपायही त्यातच आहे: सहाही चित्रांना एकच दिवा, एकच माप आणि एकच क्षण. परिणाम द्यायचेच असतील तर ते शेवटी, साऱ्या दृश्यावर एकत्र द्यायचे.

संगणकात हे शक्य आहे, कारण तिथला सूर्य आपल्या हातात असतो. खऱ्या आकाशात दिवा आपला नसतो, क्षण थांबत नाही, आणि चित्र काढणारी यंत्रेही एकसारखी नसतात. आता इतिहासाकडे वळू.

पॅरिसचा ठराव

१८८२ च्या मोठ्या धूमकेतूचे फोटो दक्षिण आफ्रिकेतल्या केप वेधशाळेत डेव्हिड गिल यांनी घेतले. त्या फोटोंत धूमकेतूबरोबर असंख्य ताऱ्यांचे ठिपकेही उमटले होते. ते पाहून डोळ्याने तारे मोजण्याऐवजी साऱ्या आकाशाचे फोटो घ्यावेत, हा विचार बळावला. त्याच सुमारास पॅरिसमध्ये पॉल आणि प्रॉस्पेर हेन्री या बंधूंनी या कामाजोगी दुर्बीण तयार केली. १८८७ मध्ये पॅरिस वेधशाळेचे प्रमुख मुशे यांच्या पुढाकाराने तिथे पन्नासहून अधिक खगोलशास्त्रज्ञांची परिषद भरली आणि आकाशाचा नकाशा व ताऱ्यांची सूची वाटून घेऊन करायचे ठरले.

ठराव नेमका होता. दुर्बिणीच्या भिंगाचा व्यास सुमारे ३३ सेंटिमीटर, म्हणजे १३ इंच. नाभीय अंतर असे, की काचेवरचा १ मिलिमीटर म्हणजे आकाशातली १ कला. हे अंतर किती येते, ते विद्यार्थ्यांना काढता येईल. एका रेडियनमध्ये सुमारे ३४३८ कला असतात, म्हणून नाभीय अंतर ३४३८ मिलिमीटर, सुमारे ३.४४ मीटर. एका काचेच्या प्लेटवर २ अंश लांब आणि २ अंश रुंद एवढे आकाश घ्यायचे. प्लेटवर ५ मिलिमीटरच्या चौकटींची बारीक जाळी छापायची, म्हणजे मोजणी सोपी होईल. सूचीसाठी अकराव्या प्रतीपर्यंतचे तारे घ्यायचे.

किती प्लेटा लागतील? साऱ्या आकाशगोलाचे क्षेत्रफळ ४१,२५३ चौरस अंश आहे. एका प्लेटवर ४ चौरस अंश, म्हणजे एकदा झाकायला सुमारे १०,३०० प्लेटा. पण ठरावात आणखी एक शहाणपण होते. आकाश एकदा नव्हे, दोनदा झाकायचे, आणि तेही असे की एका प्लेटचा कोपरा दुसऱ्या प्लेटच्या मध्याशी यावा. विटांच्या भिंतीत खालच्या थराचा सांधा वरच्या विटेच्या पोटाखाली येतो, तसेच हे. ध्रुवांकडे प्लेटा एकमेकींवर जास्त चढतात, हे धरले तर संख्या २२,००० च्या आसपास गेली. सुरुवातीला १८ वेधशाळांनी हे काम वाटून घेतले. प्रत्येकीला क्रांतीचा एकेक पट्टा मिळाला.

हैदराबादचा पट्टा

दक्षिण क्रांती १७ ते २३ अंश हा पट्टा मुळात चिलीतल्या सान्तियागो वेधशाळेकडे होता. तिथून तो पार पडला नाही. इकडे हैदराबादेत खगोलाची आवड असलेले सरदार नवाब जफर जंग यांनी १९०१ मध्ये स्वतःची वेधशाळा सुरू केली होती. त्यांच्या मृत्यूनंतर १९०८ मध्ये ती निजाम सरकारने ताब्यात घेतली. ए. बी. चॅटवुड हे पहिले संचालक झाले, बेगमपेठेत नवी जागा उभी राहिली, आणि सान्तियागोचा राहिलेला पट्टा या निजामिया वेधशाळेने अंगावर घेतला.

१९१४ मध्ये आर. जे. पोकॉक संचालक झाले. त्यांच्या काळात काम जोरात चालू झाले. पण १९१८ मध्येच त्यांचे निधन झाले. पुढे टी. पी. भास्करन यांनी १९४४ पर्यंत वेधशाळा चालवली. दक्षिण पट्ट्याचे फोटो १९१४ ते १९२९ या काळातले आहेत. ते आटोपल्यावर पॉट्सडॅमच्या वाट्यातला उत्तर क्रांती ३६ ते ३९ अंशांचा भागही हैदराबादने केला. १९१७ ते १९४६ या काळात सूचीचे १२ खंड छापून निघाले. त्यांत चार लाखांहून अधिक ताऱ्यांची मोजमापे आहेत. प्रत्येक ठिपका सूक्ष्मदर्शकाखाली माणसाने डोळ्याने मोजलेला. यंत्राने आपोआप मोजण्याची सोय तेव्हा नव्हती.

१९१९ पासून ही वेधशाळा उस्मानिया विद्यापीठाकडे आली. १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ स्थापन होईपर्यंत मराठवाड्यातल्या महाविद्यालयीन शिक्षणाची वाट याच विद्यापीठाकडे जात होती.

हे दोन्ही पट्टे जालन्याच्या आकाशात कुठे दिसतात? जालन्याचे अक्षांश सुमारे १९ अंश ५० कला. दक्षिण क्रांती २० अंशांचा तारा याम्योत्तर वृत्तावर येतो, तेव्हा तो दक्षिण क्षितिजापासून सुमारे ५० अंशांवर असतो. हस्त नक्षत्राच्या चौकोनातला मोठा भाग या पट्ट्यात येतो. शशकातले दोन ठळक तारे आणि अनुराधेचे वरचे दोन तारेही त्यातच आहेत. उत्तरेकडच्या पट्ट्यात तर अभिजित हा तेजस्वी ताराच आहे. शाळेच्या गच्चीवरून ही दोन्ही ठिकाणे बोटाने दाखवता येतील.

काचेवर उजेड जुळत नाही

ताऱ्याची जागा मोजणे तुलनेने सोपे होते. खरी अडचण तेजाची होती. काचेवर तेजस्वी ताऱ्याचा ठिपका मोठा आणि मंद ताऱ्याचा लहान उमटतो. ठिपक्याच्या आकारावरून ताऱ्याची प्रत ठरवायची. पण शेजारच्या दोन प्लेटांवर एकाच ताऱ्याचे ठिपके वेगळ्या आकाराचे निघत. म्हणजे आजच्या पेटीतली तीच रेघ. तिची कारणे एकेक करून पाहू.

पहिले कारण यंत्राचे. हैदराबादची फोटो घेणारी कुक कंपनीची दुर्बीण ८ इंची होती, ठरावातली १३ इंची. भिंगाच्या क्षेत्रफळांचे गुणोत्तर १६९ ला ६४, म्हणजे सुमारे २.६. इतर गोष्टी सारख्या धरल्या, तर तेवढ्याच वेळात हैदराबादच्या काचेवर २.६ पट कमी प्रकाश पडणार. एका प्रतीचा फरक म्हणजे सुमारे २.५ पट प्रकाश. तेव्हा नुसत्या भिंगामुळे जवळजवळ एका प्रतीचा फरक पडला.

मग २.६ पट जास्त वेळ काच उघडी ठेवली की झाले, असे वाटेल. पण फोटोच्या काचेचा स्वभाव तसा नाही. मंद प्रकाश दुप्पट वेळ पडला म्हणून परिणाम दुप्पट होत नाही. तो त्याहून कमी होतो. हा नियम एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी कार्ल श्वार्त्सशिल्ड यांनी मोजून दाखवला. म्हणजे त्रैराशिक इथे चालत नाही.

दुसरे कारण भिंगाचे. प्लेटच्या मध्यावरचा ठिपका गोल आणि नेटका येतो, कडेचा थोडा पसरतो. तिसरे कारण हवेचे. हैदराबादहून हा पट्टा माथ्याजवळून जात नसला, तरी दक्षिण क्षितिजापासून सुमारे ५२ अंश उंच चढतो, ही सोय होती. पण उन्हाळ्यातली धूळ, हिवाळ्यातला धूर आणि पावसानंतरची धुतलेली हवा यांतून येणारा प्रकाश सारखा नसतो. जून ते सप्टेंबर हे महिने तर बहुतेक ढगांचेच. चौथे कारण काचेचे: प्रत्येक पेटीतल्या काचांवरचा रासायनिक लेप थोडा वेगळा, आणि त्या धुण्याचे तापमानही वेगळे. पाचवे कारण माणसाचे. एक मोजणारा ठिपक्याची कड बाहेरची धरतो, दुसरा आतली.

आता असा पट्टा डोळ्यांपुढे आणा. २० अंश क्रांतीवर आकाशाचा फेरा ३६० × ०.९४, म्हणजे सुमारे ३३८ अंशांचा. एका ओळीत किमान १७० प्लेटा, आणि अशा सात ओळी. शेवटची प्लेट पुन्हा पहिलीला येऊन भिडते. प्रत्येक सांध्यावर उजेड किंचित बदललेला.

दोनशे साक्षीदार

आकाश दोनदा झाकण्याचे शहाणपण इथे कामाला येते. प्रत्येक तारा किमान दोन प्लेटांवर आहे. समजा, दोन प्लेटांच्या सामाईक भागात २०० तारे आहेत. एक तारा पहिल्या प्लेटवर ९.२ प्रतीचा आणि दुसरीवर ९.५ प्रतीचा निघाला. कोणती प्लेट खरी? एकट्या ताऱ्यावरून सांगता येणार नाही. पण २०० च्या २०० तारे दुसऱ्या प्लेटवर ०.३ प्रतीने मंद दिसत असतील, तर दोष ताऱ्यांचा नाही, प्लेटचा आहे. तेवढी दुरुस्ती साऱ्या प्लेटला लावायची. उलट १९९ तारे जुळत असतील आणि एकच तारा फटकून असेल, तर मोजमाप पुन्हा तपासायचे. तरीही फरक राहिला, तर प्लेटचा दोष नाही. त्या ताऱ्याचे तेजच बदलले आहे.

ही काल्पनिक गोष्ट नव्हे. हैदराबादच्या पट्ट्यात, शशक तारकासमूहात टी लेपोरिस नावाचा तारा आहे. सुमारे वर्षभराच्या आवर्तनात तो सातव्या-आठव्या प्रतीपासून तेराव्या-चौदाव्या प्रतीपर्यंत मंदावतो आणि पुन्हा उजळतो. दोन प्लेटा वेगवेगळ्या महिन्यांत घेतल्या असतील, तर तो एकीवर दिसेल आणि दुसरीवर दिसणारही नाही. कोणी 'चित्र जुळत नाही' म्हणून तिथला उजेड सारखा करून टाकला असता, तर ताऱ्याची बातमीच पुसली गेली असती.

सामाईक ताऱ्यांचा एक लाभ आणखी आहे. एका प्लेटच्या कोपऱ्यातला तारा दुसऱ्या प्लेटच्या मध्याशी असतो, त्यामुळे भिंगाची कड किती चुकवते तेही यातून कळते.

मग साऱ्या प्लेटा अशा साखळीने जोडत गेले की झाले का? नाही. प्रत्येक सांध्यावर थोडी चूक उरते आणि ती पुढे साचत जाते. चुका कधी अधिक, कधी उणे असतात, म्हणून १७० सांध्यांनंतर ती १७० पट होत नाही; पण १७० च्या वर्गमुळाएवढी, म्हणजे सुमारे १३ पट होऊ शकते. म्हणून साखळीला मध्येमध्ये खुंट्या हव्यात, ज्यांचे तेज वेगळ्या मार्गाने नक्की ठरवलेले आहे असे तारे हवेत.

अशा प्रमाण ताऱ्यांची एक यादी हार्वर्ड वेधशाळेत हेन्रिएटा लेव्हिट यांनी उत्तर ध्रुवाजवळच्या ९६ ताऱ्यांची केली. ध्रुवाजवळचे तारे निवडले, कारण उत्तरेकडच्या वेधशाळांना ते वर्षभर दिसतात. पण हैदराबादहून ध्रुव क्षितिजापासून केवळ साडेसतरा अंशांवर असतो. तिथून येणारा प्रकाश माथ्यावरच्या मानाने सुमारे सव्वातीन पट जाड हवेतून येतो. एवढ्या उंचावरच्या पट्ट्याचे माप अशा मळकट हवेतल्या ताऱ्यांशी ताडणे अवघडच. विषुववृत्ताच्या दक्षिणेकडच्या वेधशाळांना तर ते तारे दिसतच नाहीत. यावरचा तोडगा नेदरलँड्सचे याकोबस काप्टाइन यांनी १९०६ मध्ये सुचवला. साऱ्या आकाशात सारख्या अंतराने पसरलेले २०६ लहान भाग निवडावेत आणि तिथल्या ताऱ्यांचा कसून अभ्यास करावा. खुंट्या एका कोपऱ्यात न ठोकता साऱ्या अंगणात ठोकाव्यात, असा हा विचार होता.

ऐंशी वर्षांनी पडलेला उपयोग

तरीही त्या काळात साऱ्या पट्ट्यांचे तेज एका मापावर आले नाही. प्रत्येक वेधशाळेची रीत निराळी राहिली. काहींनी ठिपक्याचा व्यास दिला, काहींनी प्रत दिली. व्हॅटिकनच्या वेधशाळेत १९१० ते १९२१ या काळात चार जोगिणींनी ४,८१,२१५ ताऱ्यांची मोजणी केली. ती त्यांच्या पद्धतीने अचूक होती, पण शेजारच्या पट्ट्याशी जुळेलच असे नव्हते. तोवर अमेरिकेतल्या वेधशाळा नव्या प्रश्नांकडे वळल्या होत्या. आकाशाच्या नकाशात पिढ्या खर्ची पडल्या, असे पुष्कळांना वाटू लागले. १९७० मध्ये आंतरराष्ट्रीय खगोल संघाचा या कामासाठीचा आयोगही बंद झाला.

पण या लोकांनी एक गोष्ट केली होती. त्यांनी काचेवर जे मोजले ते तसेच छापले होते. जाळीवरून घेतलेले आडवे आणि उभे अंतर आणि ठिपक्याचे माप, कोणतीही सारवासारव न करता. १९८० आणि १९९० च्या दशकांत मॉस्कोच्या श्टेर्नबर्ग संस्थेतल्या लोकांनी या छापील खंडांतले आकडे हाताने संगणकात भरले. युरोपचा हिप्पार्कोस उपग्रह १९८९ मध्ये गेला आणि १९९३ पर्यंत त्याने वेध घेतले. तो हवेच्या वर होता, आणि एकाच यंत्राने साऱ्या आकाशाचे वेध घेत होता. म्हणजे सहाही बाजूंना अखेर एकच दिवा मिळाला. त्याची सूची १९९७ मध्ये प्रसिद्ध झाली.

त्या सूचीतल्या ताऱ्यांच्या आधारे अमेरिकेच्या नौदल वेधशाळेने जुन्या सगळ्या पट्ट्यांतल्या प्लेटा नव्याने बसवल्या. ताऱ्यांच्या जागा आणि तेज एका मापावर आणले. कडेचे पसरणे, प्लेटचे कलणे, प्रत्येक वेधशाळेची सवय यांच्या दुरुस्त्या आता काढता आल्या. ४६ लाखांहून अधिक ताऱ्यांची एकसंध सूची तयार झाली. त्यात हैदराबादचे दोन्ही पट्टे आहेत.

याचा उपयोग काय? तारे अगदी सावकाश सरकतात. दोन-चार वर्षांत ते सरकणे नीट मोजता येत नाही. पण १९२० ची जागा आणि १९९१ ची जागा दोन्ही ठाऊक असतील, तर सत्तर वर्षांतले सरकणे हाती येते. २००० साली प्रसिद्ध झालेल्या टायको-२ या सूचीत २५ लाख ताऱ्यांच्या गती आहेत, आणि त्या काढायला या जुन्या काचांची मोजमापे आधाराला घेतली आहेत. २०१३ मध्ये गेलेल्या गाया उपग्रहाने २०२५ पर्यंत वेध घेऊन ही अचूकता कितीतरी पुढे नेली. पण १९२० च्या रात्री कोणता तारा कुठे होता, हे सांगायला कोणताही उपग्रह मागे जाऊ शकत नाही. ती साक्ष बेगमपेठेच्या काचांचीच.

लपवणे आणि जुळवणे

आता पुन्हा संगणकाकडे येऊ. सांधा नाहीसा करण्याचे दोन मार्ग आहेत आणि दोन्ही उपयोगी आहेत. मात्र त्यांची गल्लत करू नये.

एक मार्ग चित्रकाराचा. १९८३ मध्ये पीटर बर्ट आणि एडवर्ड एडल्सन यांनी एक युक्ती दिली. चित्रातला मोठा, संथ उजेड आणि बारीक तपशील वेगळे करावेत. उजेड रुंद पट्ट्यात हळूहळू मिसळावा, तपशील अरुंद पट्ट्यात मिसळावा. मग रेघ दिसत नाही आणि चित्र धूसरही होत नाही. खेळातल्या आकाशाला हे पुरेसे आहे, कारण तिथे डोळ्याचे समाधान हाच हेतू असतो.

दुसरा मार्ग मोजणाऱ्याचा. फरक का पडला ते शोधायचे, त्याचा आकडा काढायचा आणि तेवढाच दुरुस्त करायचा. २००९ मध्ये अॅक्सेल मेलिंगर यांनी ३,००० फोटो जोडून साऱ्या आकाशगंगेचे रंगीत चित्र केले. प्रत्येक फोटोत हवेची चकाकी आणि दूरच्या गावांचा उजेड मिसळला होता. मेलिंगर यांनी सांधे नुसते मिसळले नाहीत. पायोनियर १० आणि ११ या यानांनी पृथ्वीपासून दूर जाऊन आकाशाचा जो मूळ उजेड मोजला होता, त्याच्याशी आपले फोटो ताडले. हीही काप्टाइन यांच्या खुंट्यांचीच जात.

पहिल्या मार्गाने चित्र चांगले दिसते. दुसऱ्या मार्गाने ते खरे होते.

वर्गात करून पाहण्यासाठी

हा प्रयोग कोणत्याही शाळेत होईल. मैदानाच्या मध्यभागी उभे राहून मोबाइलने सुमारे ६० अंशांनी वळत सहा फोटो घ्यावेत. शेजारच्या फोटोंत थोडा भाग सामाईक यायला हवा. येत नसेल तर आठ फोटो घ्यावेत. फोटो छापून ओळीने लावले की सांध्यावरचा उजेड वेगळा दिसेल. मग मोबाइलमधले उजेडाचे माप कायम ठेवण्याची सोय वापरून पुन्हा फोटो घ्यावेत आणि दोन्ही ओळी शेजारी ठेवाव्यात.

मोठ्या मुलांसाठी गणितही आहे. सामाईक भागातली एखादी भिंत निवडून संगणकावर दोन्ही फोटोंतला तिचा उजेड वाचावा आणि गुणोत्तर काढावे. समजा, सहा सांध्यांवर १.२५, ०.९०, १.१०, ०.८०, १.०५ आणि १.०० अशी गुणोत्तरे आली. फेरा पूर्ण करून आपण जिथून निघालो तिथेच आलो, म्हणून त्यांचा गुणाकार १ यायला हवा. तो येतो सुमारे १.०४. हे ४ टक्के शेवटच्या सांध्यावर ढकलले तर तिथे रेघ उठेल. सहा सांध्यांवर वाटले तर प्रत्येकाला सुमारे ०.६५ टक्के येतात. जमिनीची मोजणी करणारे बंद फेऱ्यातली चूक अशीच वाटतात. एवढे मात्र सांगावे, की फोटोतले आकडे प्रकाशाच्या सरळ प्रमाणात नसतात. काचेवरच्या ठिपक्यासारखेच ते वाकडे माप आहे. म्हणून हे उत्तर अंदाजाचे समजावे.

यात शिक्षकांनी एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे, असे आम्हांला वाटते. प्रयोगवहीत मुले पुष्कळदा आकडे आधीच जुळवून आणतात. लंबकाचा काळ पुस्तकाशी जुळत नाही म्हणून एक वाचन खोडतात, आलेखाच्या रेषेबाहेर गेलेला बिंदू आत ओढतात. गुण कापले जातील ही भीती त्यामागे असते, आणि ती भीती आपणच घातलेली असते. हैदराबादच्या मोजणाऱ्यांनी शेजारच्या पट्ट्याशी जुळावे म्हणून आपले आकडे बदलले असते, तर त्यांची सूची त्या काळी अधिक सुबक दिसली असती आणि पुढे कोणाच्याच कामाला आली नसती. न जुळणारे आकडे जपले, म्हणून ते पुढच्या पिढीला जुळवता आले.

तेव्हा वहीत मूळ वाचन एका रकान्यात आणि दुरुस्ती शेजारच्या रकान्यात लिहू द्यावी, आणि न जुळणाऱ्या वाचनाचे गुण कापू नयेत.